लाकडी बैलापासून ऐकणाऱ्या शिल्पापर्यंत

श्रावण अमावास्येला पोळा होतो. वर्षभर तेच ते तास काढणाऱ्या, मळणीला तीच ती फेरी घालणाऱ्या बैलांना त्या दिवशी जुंपत नाहीत. त्यांना न्हाऊ घालून, शिंगांना बेगड लावून, पाठीवर झूल टाकून तोरणाखाली उभे करतात. दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा. नागपुरात त्या दिवशी इतवारी आणि महाल या भागांत मारबतीच्या मिरवणुकीचा गलबला असतो, आणि गल्लोगल्ली लहान मुले लाकडी बैल ओढत बाहेर पडतात. बैल कधी वीतभर असतो, तर कधी मुलाच्या कमरेइतका. खाली पाट, पाटाला चार चाके, पुढे दोरी. घरोघरी जाऊन बैल दाखवायचा आणि बोजारा घ्यायचा. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यात अशी परंपरा सांगतात, की दुसऱ्या रघूजी राजांनी १८०६ साली मुलांसाठी हा सण सुरू केला; महालातील वाड्यातला मोठा लाकडी बैल या परंपरेची खूण म्हणून दाखवला जातो.

या बैलाला आपण खेळणे म्हणतो. शिल्प म्हणत नाही. शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौथऱ्यावर उभा असलेला, हात न लावायचा पुतळा येतो. पण जरा विचार केला तर तान्ह्या पोळ्याचा बैल हे एक विलक्षण शिल्प आहे. सुताराने ते तासले तेव्हा ते अर्धेच झाले; मुलाने दोरी ओढली तेव्हा पुरे झाले. अलीकडे जगातल्या मोठ्या कलासंग्रहालयांत अशी शिल्पे दिसतात, जी प्रेक्षक आल्याशिवाय, त्याने काही केल्याशिवाय पुरी होत नाहीत. त्यांच्या पोटात संगणक असतो, मोटारी असतात, ध्वनी ओळखणारी उपकरणे असतात. त्यांना परस्परसंवादी शिल्पे म्हणतात. त्यांतील बरीचशी शिल्पे रोजच्या जगण्यातील तीच ती हालचाल घेऊन तयार झालेली आहेत: फाटक उघडणे आणि मिटणे, हाकेला वळून पाहणे. या शिल्पांचा इतिहास परदेशातून सुरू झाला असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या अंगणातूनही सांगता येतो.

हा विषय आमच्या डोक्यात शिरला तो एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. आठवीतील दोन मुलांनी एक लाकडी बैल आणला होता. दोरी ओढली की तो चालताना मान खालीवर करी. शेजारच्या मेजावर थर्मोकोलचा एक यंत्रमानव होता. बटण दाबले की त्याचे डोळे लुकलुकत आणि हात हलत. आम्ही पहिले बक्षीस यंत्रमानवाला दिले. बैलाच्या मुलांना विचारलेसुद्धा नाही की मान कशी हलते. संध्याकाळी घरी परतताना लक्षात आले, की यंत्रमानवाची मोटार आणि चक्रे बाजारातून आणलेल्या तयार संचातली होती. मुलांनी केले होते ते फक्त आवरण. बैल मात्र पहिल्या चाकापासून त्या दोघांनीच विचार करून घडवलेला होता. त्या बैलाची यंत्रणा आम्ही नंतर स्वतः करून पाहिली. तिच्याकडे शेवटी येऊ.

प्रथम मागे जाऊ, चांगले तीन-चार हजार वर्षे. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. १९७४ साली तिथे एका झाडाच्या बुंध्याशी खणताना एका ग्रामस्थाला धातूची चार शिल्पे मिळाली. एक रथ आहे, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेला, आणि त्यात उभा असलेला माणूस. दुसरी म्हैस, ३१ सेंटिमीटर उंच, चार भरीव चाकांच्या पाटावर उभी. तिसरा गेंडा, तोही चाकांवर. चौथा हत्ती, त्याच्या पाटाखाली आस बसवण्यासाठी कड्या आहेत, पण आस आणि चाके हरवलेली आहेत. चौघांचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरते. चाकांवरचा प्राणी, पुढे ओढायची सोय: तान्ह्या पोळ्याचा बैल आणि दायमाबादची म्हैस यांची रचना एकच आहे. दोहोंमध्ये अखंड परंपरा आहे असा दावा मात्र कुणी करू नये, कारण मधल्या कडीचा पुरावा आपल्यापाशी नाही.

काळाविषयीही सावध राहावे लागते. ही शिल्पे पुरातत्त्वज्ञांच्या शिस्तबद्ध उत्खननात, थरांची नोंद होऊन मिळालेली नाहीत. पुढे १९७५-७६ ते १९७८-७९ या वर्षांत तिथे सविस्तर उत्खनन करणाऱ्या एस. ए. साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे ढोबळ मानाने चार हजार वर्षांपूर्वीची मानली. डी. पी. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण पुढे करून शंका घेतली: या शिल्पांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. वाद पुरता मिटलेला नाही. वर्गात दायमाबाद शिकवताना 'चार हजार वर्षांपूर्वीची' एवढे म्हणून पुढे जाण्यापेक्षा हा वाद सांगावा असे आम्हाला वाटते. एका मूलद्रव्याच्या टक्क्यावरून इतिहासाची पाने मागेपुढे होऊ शकतात, हे मुलांना त्यातून कळते.

ती कशासाठी केली होती? एवढा जड भरीव हत्ती लहान मूल ओढत नेणार नाही. मिरवणुकीत ओढण्यासाठी ती असावीत, असा एक तर्क आहे. सिंधू संस्कृतीच्या गावांतून मिळालेली मातीची खेळणी मात्र नक्कीच मुलांची दिसतात. त्यांत चाकांच्या छोट्या गाड्या आहेत, आणि एक मान हलवणारा बैल आहे: डोके वेगळे घडवून धडात अडकवलेले, दोरीने हलवता येईल असे. म्हणजे चालणे आणि मान डोलावणे, या बैलाच्या रोजच्या दोन हालचाली तेव्हाच्या कारागिराने वेगवेगळ्या करून पाहिल्या होत्या. एकाच ओढीत दोन्ही साधायचे तर काय करावे, हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर जत्रेत मिळते. मातीच्या वाटीवर कागद ताणून बसवलेली, दोरीने ओढली की टकटक वाजणारी गाडी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ओढली असेल. ती उलटी करून पाहा. चाकांच्या आसावर आडवी काडी किंवा खुंटी ठोकलेली असते. आस फिरला की ती खुंटी टिपरीचे मागचे टोक दाबते, पुढचे टोक उचलले जाते. खुंटी पुढे सरकली की टिपरी सुटते आणि कागदावर आपटते. आसाच्या एका फेऱ्यात एक टोला. दोन खुंट्या ठोकल्या तर दोन टोले. खुंट्या कमीजास्त अंतरावर ठोकल्या तर ठेका बदलतो. ही जी आसावरची खुंटी आहे, तिला यंत्रशास्त्रात कॅम म्हणतात. गोल फिरण्याचे वरखाली होण्यात रूपांतर करणारा हा भाग आहे. तीच ती हालचाल अचूकपणे पुन्हापुन्हा करून घेणे हे त्याचे काम. घड्याळाच्या टोल्यापासून मोटारगाडीच्या इंजिनातील झडपांपर्यंत तो सर्वत्र आहे.

आता ग्रंथांकडे वळू. अकराव्या शतकात धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेला 'समराङ्गणसूत्रधार' हा ग्रंथ प्रामुख्याने वास्तुशास्त्रावर आहे. त्यातील यंत्रविधान नावाच्या अध्यायात हलणाऱ्या बाहुल्यांचे वर्णन येते. दिव्यात तेल घालणारी स्त्री, नाचणाऱ्या आकृत्या, दारावर उभा राहून अनोळखी माणसाला अडवणारा द्वारपाल. रोजचीच, कंटाळवाणी म्हणावीत अशी कामे. मात्र ही यंत्रे कशी करावीत हे ग्रंथकार पूर्णपणे सांगत नाही, आणि गुप्तता राखण्यासाठी सांगत नाही, अज्ञानामुळे नव्हे, असा खुलासाही करतो. वाचकाने तो खुलासा मान्य करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत असे, की वर्णन हा कल्पनेचा पुरावा असतो, यंत्राचा नव्हे. याच अध्यायातील उडत्या यंत्राच्या ओळींवरून प्राचीन विमानांचे इमले रचले जातात, तेव्हा हा फरक मनाशी असावा.

तुलनेसाठी तुर्कस्तानातील दियारबकीर येथे १२०६ साली पुरा झालेला अल्-जझारीचा ग्रंथ घ्यावा. हा गृहस्थ राजाच्या पदरी असलेला कारागीर होता. त्याने आकृत्या काढल्या, मापे दिली, धातू कसा ओतावा तेही लिहिले. म्हणून डोनल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा त्यावरून चालत्या प्रतिकृती करता आल्या. त्यातले एक यंत्र हात धुण्यासाठी आहे. मोराच्या चोचीतून पाणी येते. धुतलेले पाणी खालच्या टाकीत साठते, टाकीतला तरंगणारा गोळा वर येतो, आणि त्याला जोडलेल्या दांड्यामुळे एक छोटे दार उघडून साबणाची भुकटी घेतलेला बाहुला-नोकर बाहेर येतो. पाणी आणखी वाढले की दुसरा नोकर पंचा घेऊन येतो. वाचकांच्या लक्षात आले असेल, की टकटक गाडीपेक्षा हे वेगळे आहे. गाडीला ओढणारा कोण, याची दखल नसते. या मोराचे यंत्र मात्र माणसाने काय केले याची दखल घेते. घरातल्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा नेमके हेच करतो, फक्त त्याच्या टोकाला बाहुला नसतो.

मधली पाचशे वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. टिपू सुलतानाचा वाघ मात्र टाळून चालणार नाही. १७९० च्या दशकात घडवलेल्या या लाकडी शिल्पात वाघ एका युरोपीय सैनिकावर बसलेला आहे. मूठ फिरवली की सैनिकाचा हात वरखाली होतो, तो विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो; पोटात भाते आणि नळ्या आहेत. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर तो लंडनला गेला. तिथे कंपनीच्या वाचनालयात येणारे प्रेक्षक मूठ फिरवून फिरवून अभ्यास करणाऱ्यांना हैराण करीत, अशी तक्रार तेव्हाच्या नियतकालिकात नोंदलेली आहे. प्रेक्षकाच्या हाती मूठ दिली की काय होते, हे तेव्हाच कळून चुकले होते.

याच शतकात युरोपात बाहुल्यांची यंत्रे फार पुढे गेली. स्वित्झर्लंडमधील झाके-द्रो या घड्याळजी कुटुंबाने १७७४ मध्ये एक लिहिणारा मुलगा दाखवला. तो टाक शाईत बुडवतो, झटकतो आणि कागदावर लिहितो. त्याच्या पाठीत कॅमची चवड आहे. शिवाय एक चक्र आहे, ज्यावरची अक्षरे बदलून चाळीस अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर त्याच्याकडून लिहवून घेता येतो. न्यूशातेल येथील संग्रहालयात तो आहे. मुलगा तोच, हालचाली त्याच, पण आज्ञा बदलता येते. फ्रान्समध्ये झाक द व्होकांसाँ याने बासरी वाजवणारा पुतळा आणि पंख फडफडवणारे, दाणे टिपणारे बदक करून नाव मिळवले, आणि मग सरकारने त्याला रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमले. १७४५ मध्ये त्याने आपोआप विणणारा माग केला. तो त्या वेळी चालला नाही. त्याच विचाराला पुढे झाकारने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या मागाचे रूप दिले. भोक असेल तर सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तर नाही.

डिजिटल किंवा अंकीय हा शब्द ऐकला की मुले पडद्याकडे पाहतात. त्यांना माग दाखवावा. नागपूर, उमरेड, भंडारा, पवनी ही विणकरांची गावे. काठाची नक्षी उचलण्यासाठी मागाच्या माथ्यावर डॉबी बसवतात. तिच्या लाकडी पट्ट्यांत छिद्रे असतात आणि नक्षीप्रमाणे छिद्रात खुंटी ठोकतात किंवा ते रिकामे सोडतात. खुंटी आहे किंवा नाही, यापलीकडे तिसरी शक्यताच नाही. संगणकाचे एक आणि शून्य ते हेच. पट्ट्यांची साखळी फिरत राहते, तीच नक्षी पुन्हापुन्हा येते, आणि हजारो पुनरावृत्तींतून लुगड्याचा काठ तयार होतो. बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी झाकारचे पुठ्ठेच उचलले, हे सर्वांना माहीत आहे. बाहुला ते माग ते संगणक अशी ही वाट आहे, आणि तिच्या मध्यावर विणकर बसला आहे. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे सांगितले जात नाही.

नागपूरने याच पुनरावृत्तीचा दुसरा चेहराही पाहिला. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. कापसाच्या मुलखात, रेल्वेच्या तोंडाशी. पुढे शंभरावर वर्षे मिलच्या भोंग्यावर हजारो घरांचे उठणे, जेवणे, झोपणे चालले. यंत्र तीच ती हालचाल करी आणि त्यासमोर उभा राहिलेला माणूसही. गिरणी बंद पडली तेव्हा भोंगाही थांबला. गिरणीवर इतिहास लिहिले गेले आहेत. पण धोट्याच्या येण्याजाण्याबरोबर हलणारे कामगाराचे खांदे कुणी शिल्पात आणले का? आमच्या पाहण्यात नाही. जे शिल्प नागपूरने करायला हवे होते ते झाले नाही, अशी चुटपुट लागून राहते.

कलावंतांनी यंत्राच्या हालचालीला शिल्प म्हणायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१९-२० मध्ये मॉस्कोत नाऊम गाबो याने धातूची एक उभी बारीक काठी विजेच्या साहाय्याने थरथरवली. काठी एकच, पण वेगाने हलताना हवेत फुगीर, मधे निमुळता होणारा आकार उभा राहिलेला दिसतो. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना हा आकार परका नाही: ती स्थिर लहर आहे, दोरीवर आपण दाखवतो तीच. शाळेच्या जुन्या विजेच्या घंटेतल्या ठोकणीला पातळ पट्टी जोडून तिची लांबी कमीजास्त करीत गेले तर एका विशिष्ट लांबीला हा आकार दिसू शकेल. या शिल्पाला वस्तुमान जवळजवळ नाहीच. त्याचा सगळा आकार पुनरावृत्तीचा बनलेला आहे.

झाँ तँगली याचे शिल्प याच्या अगदी उलट. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात त्याने सायकलची चाके, मोटारी, पियानो अशा भंगाराचे एक प्रचंड यंत्र सुरू केले. त्याने स्वतःलाच मोडून टाकावे अशी योजना होती. सुमारे सत्तावीस मिनिटे ते खडखडत मोडत राहिले आणि अखेर आग लागल्याने विझवणाऱ्यांना यावे लागले. त्या संध्याकाळचे कलाजगताने फार कौतुक केले. नागपूरकराला त्यात एवढे नवल वाटू नये. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. बांबू, कागद, कापड यांचे भलेमोठे पुतळे दर वर्षी नव्याने बांधायचे, मिरवायचे आणि गावाबाहेर नेऊन जाळायचे. सोबतचे बडगे त्या त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, पुढाऱ्यांवर असतात. पुतळा नष्ट होतो, पण त्याचे वेळापत्रक टिकते. तँगलीचे यंत्र एकदाच मेले. मारबत शतकाहून अधिक काळ दर वर्षी मरते आहे.

आता संगणकाकडे. निकोला शोफेर याने १९५६ मध्ये फिलिप्स कंपनीच्या साहाय्याने प्रकाश आणि आवाज यांना प्रतिसाद देत फिरणारे शिल्प केले. पण आमच्या मते या इतिहासातला खरा नायक एडवर्ड इहनातोविच. पोलंडमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला शिल्पकार. त्याने १९६८ च्या लंडनमधील प्रदर्शनात 'सॅम' ठेवला: पाठीच्या कण्यासारखा मान वळवणारा दांडा आणि वर फुलासारखी ताटली, तिच्यात चार ध्वनिग्राहक. कुणी बोलले की फूल त्याच्याकडे वळे. चारांपैकी कोणत्या ग्राहकाला आवाज आधी पोचला, यावरून दिशा ठरते. आपले दोन कान हेच करतात.

यानंतर फिलिप्सने त्याला आइंटहोवेन येथील आपल्या इव्होलुऑन या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठे शिल्प करायला सांगितले. १९७० मध्ये 'सेन्स्टर' उभा राहिला. पोलादी नळ्यांचा, साडेचार मीटरहून लांब, उंच मानेचा प्राणीच जणू. सांध्यांची रचना खेकड्या-शेवंड्यांच्या नांगीवरून घेतलेली, हालचाल द्रवाच्या दाबाने, आणि ताबा संगणकाकडे. डोक्यावर ध्वनिग्राहक आणि हालचाल टिपणारी रडार. नियम दोनच म्हणावेत असे: हळू आवाज आला तर त्या दिशेला झुक, मोठा आवाज किंवा झटक्याची हालचाल झाली तर मागे हो. एवढ्यावर लोक वेडावले. मुले त्याच्याशी कुजबुजत. काहींना तो लाजाळू वाटे, काहींना हट्टी. आज्ञावलीत लाजही नव्हती आणि हट्टही नव्हता. गुंतागुंत होती ती भोवतालच्या गर्दीत. दहा माणसे दहा दिशांनी बोलत असतील तर दोन नियमांनी चालणारे यंत्रही दर क्षणी नवे काही करणार. गोठ्यातल्या बैलाला आपण 'आज रुसलाय' म्हणतो, त्यात बैलाचे किती आणि आपले किती, हा प्रश्न सेन्स्टरने लोखंडात उभा केला. आज बोलणाऱ्या संगणकांपुढे बसलेल्या मुलांनाही तोच प्रश्न विचारता येईल.

महाराष्ट्रात असे काम प्रामुख्याने मुंबईत झाले. सुदर्शन शेट्टी हे सर जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेले शिल्पकार. त्यांनी घरातल्या ओळखीच्या वस्तू मोटारींना जोडून तीच ती हालचाल करीत राहणारी शिल्पे केली. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन २०१० मध्ये झाले. अशा शिल्पांसमोर पहिल्या फेऱ्याला हसू येते, दहाव्या फेऱ्याला येत नाही. हा अनुभव सांगून कळत नाही, उभे राहूनच घ्यावा लागतो.

शिल्पा गुप्ता याही जे. जे. मध्ये शिल्पकला शिकल्या. २००९ मध्ये त्यांनी एक लोखंडी फाटक भिंतीला बसवले, इमारतीच्या आवाराला असते तसे. मोटारीमुळे ते आपोआप एका बाजूला जाते, भिंतीवर आपटते, परत येते, दुसऱ्या बाजूला आपटते. कुणाला आत घ्यायचे नाही, कुणाला बाहेर काढायचे नाही. आपटणे तेवढे चालू. दिवसेंदिवस भिंतीचा गिलावा फुटत जातो. एकेक टोला क्षुल्लक, पण ढासळतो तो भिंतीचाच भाग. धातूला थकवा येऊन तुटण्याची क्रिया शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचलेले नाही. त्यांच्या सावल्यांच्या मालिकेत प्रेक्षकाची सावली कॅमेरा टिपतो, संगणक ती पडद्यावर टाकतो, आणि वरून घरगुती वस्तू येऊन त्या सावलीला चिकटत जातात. माणूस हलला तरी ओझे सुटत नाही. २०१७-१८ च्या आणखी एका कामात शंभर ध्वनिग्राहक छतावरून लोंबतात आणि त्यांतून, लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या शंभर कवींचे शब्द ऐकू येतात. ध्वनिग्राहक ऐकण्याऐवजी बोलतो. यात चमत्कार नाही. पडदा, वेटोळे आणि चुंबक असा ध्वनिग्राहक आणि ध्वनिक्षेपक यांची रचना मुळात एकच आहे. वीज उलटी दिली की काम उलटते. शाळेत जुन्या रेडिओचा कर्णा ध्वनिग्राहक म्हणून जोडून पाहता येतो. पण ज्यांचे बोलणे बंद केले त्यांच्यासाठी हे उपकरण उलटे करणे, हे सुचायला पदार्थविज्ञान पुरत नाही.

या शिल्पांची एक अडचण मात्र दगडाच्या मूर्तीला कधी आली नव्हती. ती बंद पडतात. सेन्स्टर १९७४ च्या सुमारास काढून टाकला गेला. चालवणे खर्चाचे होते. त्याचा सांगाडा हॉलंडमधील एका गावात एका कंपनीच्या आवारात, मेंदू नसलेला, कित्येक दशके उन्हापावसात उभा राहिला. इहनातोविच १९८८ मध्ये वारला. २०१७ मध्ये क्राकोव्हच्या एजीएच विद्यापीठाने तो सांगाडा विकत घेऊन नव्या संगणकावर पुन्हा हलता केला. तोच नियम, तोच सांगाडा, पण संगणक दुसरा: मग हे शिल्प तेच की प्रतिकृती? सुतार दर दहा वर्षांनी बैलाचे चाक बदलतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता त्या दोन मुलांचा बैल. मागची दोन चाके साधी, आस मध्यावर. पुढच्या चाकांत मात्र आसाचे भोक मध्यापासून बाजूला पाडलेले. आम्ही करून पाहिले तेव्हा ६ सेंटिमीटर व्यासाची चाके घेतली आणि भोक मध्यापासून १ सेंटिमीटर बाजूला पाडले. त्यामुळे आस जमिनीपासून कधी २, तर कधी ४ सेंटिमीटर उंच राहतो, आणि बैलाचा पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात २ सेंटिमीटर उचलून खाली येतो. मान सैल खिळ्यावर असेल तर ती डोलते. चाकाच्या एका फेऱ्यात बैल सुमारे पावणेएकोणीस सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे एक मीटर चालीत पाचच्या वर डोलावणी. चाके आसाला घट्ट बसवावीत, आणि दोन्ही भोके एकाच दिशेला यावीत. आमच्या पहिल्या बैलात एक भोक वर आणि एक खाली आले, तर तो मान डोलावण्याऐवजी डावीउजवीकडे झुलत चालू लागला. थकलेला बैल संध्याकाळी घरी परततो तसा. ती चूक आम्ही तशीच ठेवली आहे.